दहाव्याचा होकार

पेटीवरचा हिरवा दिवा काही विझेना.

"द्वारकाबाई, आज दहावा," अनसूया हळूच म्हणाली. "आता निरोप घ्यायचा ना?"

"माझ्या शेवंतीला कोण बघणार?" पेटीतून मेलेल्या द्वारकाबाईंचा आवाज आला. "ते कळल्याशिवाय मी हलायची नाही."

मेलेल्या माणसाचा आवाज दहा दिवसच ठेवायचा, आणि त्याने स्वतः होकार दिल्यावरच बंद करायचा, असा कायदा होता. म्हणून या कार्यालयात सगळेच कारकून खोटा शब्द देत. घाटावर कावळा शिवेना की देतात, तसाच. अनसूयाने मात्र चातुर्मासात खोटं न बोलण्याचा नेम धरला होता.

"सांगा ना ताई, मोरेश्वर बघेल म्हणून," द्वारकाबाईंचा मुलगा कुजबुजला. "माझं ती खरं मानत नाही."

"आणि खरंच बघाल?"

"मला कुठं जमतंय? उद्या आश्रमात पोचवतोय."

पन्नाशीची, पण बुद्धीने लहानच राहिलेली शेवंती बाकावर बसून आईच्या लुगड्याची घडी मोडत होती, पुन्हा घालत होती.

साहेब दारातून ओरडले, "बाहेर तीन घरची माणसं ताटकळलीत, बाई. नेम घरी पाळा!"

अनसूयाने डोळे मिटले. "द्वारकाबाई, मी अनसूया, इथली कारकून. शेवंतीला मी सांभाळीन."

पेटीतला आवाज निवळला. "बरं. तिला भात मऊ लागतो हो."

दिवा विझला.

"छान बोललात ताई," मोरेश्वर घाम पुसत म्हणाला. "अगदी खरं वाटलं."

अनसूयाने बाकावरची शेवंतीची पिशवी उचलली. घरी काय सांगायचं, ते तिला अजून सुचलं नव्हतं. शेवंतीने मात्र तिचा पदर घट्ट धरला होता.