नाव आणि फक्त नाव

गाडीची वेळ टळून गेली तरी सिंधूबाई दारातून हलायला तयार नव्हत्या. मागं ओसरीवर भिंतीला टेकून संपतराव बाजेवर बसले होते. आडवं झालं की त्यांना दम लागायचा. आज डायलिसिसचा दिवस. शिरड शहापूरच्या त्या गल्लीत गाडी वळली की आधी कुत्री भुंकायची. आज कुत्री गप्प होती.

"आत्याबाई, काल गाडीवाल्यांचा फोन आला होता का?" सुनेनं, साधनानं विचारलं.

"आला की. तू औंढ्याला बाजाराला गेली व्हतीस. लई गोड बोलली पोरगी. म्हणली, रुग्णाचं नाव सांगा. मी म्हणलं, आमचे मालक. पुन्हा तेच. म्हणलं, शिवप्रसादचे वडील. तरी आपलं तेच इचारून राहिली! मग म्हणलं, काहून गं बाई, लग्न झालं न्हाई वाटतं तुझं? नवऱ्याचं नाव असं उघडं घेत असत्यात का?"

संपतराव दमत दमत हसले. "बिनलग्नाचीच हाय ती. मशीन हाय."

"असू द्या. तिला ऐकायची हौस व्हती, मंग घेतलं." सिंधूबाईंनी डोक्यावरचा पदर सावरला आणि लाजत, पण ठणठणीत म्हटलं,

"औंढ्याच्या पायरीला कापराचा वास,
संपतरावांना गाडी धाडा, एवढीच हाय आस."

मग नवऱ्याकडं न बघता म्हणाल्या, "धन्यवाद म्हणली आन् ठिवला फोन. खूश झाली आसंल."

साधनाला हसू आलं नाही.

फोनवरची ती पोरगी काय वाचून बोलते, हे तिला ठाऊक होतं. गाड्यांच्या नोंदी आता एआय सांभाळायचा, आणि त्यानं कुठलं टूल केव्हा वापरायचं हे लिहून द्यायचं काम साधना एका कंपनीसाठी घरी बसून करायची. नोंद पुसायच्या टूलचं पान तिचंच होतं. 'उत्तरात नाव आणि फक्त नाव हवं. तीनदा विचारूनही तसं न मिळाल्यास नंबर चुकीचा समजावा आणि नोंद पुसावी. नोंदीखालची सगळी कामं तिच्यासोबत पुसली जातात. पुसलेलं परत आणता येत नाही.' आधी तिनं आणखी एक वाक्य लिहिलं होतं: शंका वाटली तर पुसू नये, माणसाला विचारावं. तिचे वरिष्ठ, हरीश, म्हणाले होते, ते काढा, नाहीतर दर घडीला कुणाला तरी विचारत बसेल. काढल्यावर पान सुटसुटीत झालं होतं. तिला ते आवडलंही होतं.

तिनं फोन लावला. तोच गोड आवाज. सासऱ्यांचं नाव तिनं स्पष्ट सांगितलं.

"या नावाची नोंद नाही. नवी नोंद करायची का? पहिली मोकळी वेळ सोमवारी आहे."

सोमवार लांब होता. तिनं हरीशना फोनवर गाठलं.

"गाडी राहू द्या, सर. आम्ही आमची करतो. पण डायलिसिसच्या मशीनवरची वेळ तरी परत मिळेल का?"

"ती त्या नोंदीखालीच होती ना? मग तेव्हाच दुसऱ्या पेशंटला गेली असणार. तुम्हीच लिहिलंय ना मॅडम, परत येत नाही म्हणून."

साधनानं शेजारच्या भीमसिंगला हाक मारली. "दादा, जीप काढा. दवाखान्यात जाऊन बसू. एखादा पेशंट आला नाही तर त्याची वेळ मिळेल." भीमसिंगनं संपतरावांच्या तोंडाकडं पाहिलं आणि किल्ली आणायला पळाला.

सिंधूबाई दारातून आत आल्या. "म्हंजे गाडी येत न्हाई? काहून? मी नाव नीट घेतलं न्हाई का?"

"घेतलं, आत्याबाई. बराबर घेतलं."

"मंग?"

साधना खाली बसली आणि संपतरावांच्या पायात चप्पल घालू लागली. ती जाईना. तिनं सुजलेलं पाऊल दोन्ही हातांनी धरलं, दाबलं. तरी जाईना. बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. तिनं हात काढले. पावलावर तिच्या अंगठ्याएवढा खोल खड्डा राहिला होता. तो भरून यायची वाट बघत ती तशीच बसून राहिली.