दादाची सायकल

कुष्ठधामातून पूर्ण बरा झालेला नरहर पायी चालत केळझरला घरी पोचला. येत असल्याचा निरोप त्याने आधीच धाडला होता. तरी भाऊ-बहीण आपल्याला आत घेतील की नाही, ही धास्ती वाटभर त्याच्यासोबत होती.

अंगणात त्याची जुनी सायकल उभी होती. धाकटा भाऊ श्रीनिवास याने ती पूर्ण खोलून गंज घासून काढला होता, छर्ऱ्यांत नवे ग्रीस भरले होते, चाकांचा आउट काढून ती सरळ केली होती.

"दादा, पायडल मारून पाहा. चाक कसं फिरून राह्यलं!"

चाक कसलाही आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिले. नरहरचे डोळे भरून आले.

"कंदिलाची काच कधी पुसली नाई तू, अन् हे सारं माह्यासाठी केलं?"

"हो," श्रीनिवास खाली पाहत म्हणाला. "उद्या आपल्या मीराले पाहायले पाहुणे येऊन राह्यले, दादा. अन् मोटारीत तर तुमाले कोणी बसू देत नाई. आता निघालात, तर उजेडातच परत तिकडं पोचाल."