जिवंतपणीचं जेवण

इलिंकाने स्वतःच्या मरणाचं जेवण स्वतःच्या हाताने घातलं, यात गावाला नवल वाटलं नाही. आमच्या डॅन्यूबकाठी ज्याच्या मागे करणारं कुणी नसतं, तो जिवंतपणीच उरकून घेतो. इथे वाढलेलं वर गेल्यावर आपल्या पानात पडतं म्हणतात. नाहीतर बसा तिकडे उपाशी.

पण इलिंकाला मुलगा होता, कोस्तेल. स्पेनमध्ये मांसाच्या कारखान्यात होता आणि चार वर्षांत गावाकडे फिरकला नव्हता. आईने जिवंतपणी जेवण घातलं म्हटल्यावर तरी येईल, एवढ्या आशेवर बाईने कोंबड्या कापल्या, कोबीच्या पानांत खिमा बांधला, पाद्रीबुवांना बोलावलं. वरच्या भुकेचं तिला काही पडलं नव्हतं.

अंगणात पंगत बसली. शेजारीण वेता हिने टोमणा मारलाच, की मेलेली बाई एवढी तुरुतुरु धावते, मग आमच्या जित्याजागत्या सुनांना काय धाड भरलीये? सगळे हसले. इलिंकाही हसली, पण लक्ष सगळं फाटकाकडे.

तेवढ्यात फोन आला. कोस्तेल आधी कोण कोण आलंय, काय काय केलंय, असलंच विचारत राहिला. मग म्हणाला, "आई, मालक गावी जायला एकदाच सोडणार. आज निघालो, तर तू गेल्यावर येता येणार नाही. नोकरी गेली तर पोरांना काय खायला घालू? तूच सांग, कधी येऊ?"

आत्ता ये, हे तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईच्या मातीला मुलगा नसला, तर गाव त्याला जन्मभर नावं ठेवील, हे ती ओळखून होती.

"तेव्हाच ये बाळा," ती म्हणाली. काळीज फाटलं, पण आवाज फाटू दिला नाही.

येतोय का, असं वेताने विचारलं.

"येतोय की. माझ्या मातीला."

वेताने इलिंकाला हाताला धरून बाकावर बसवलं आणि वाढलेली ताटली पुढे ठेवली. सकाळपासून उभी आहेस, दोन घास खाऊन घे, म्हणाली.

इलिंकाने ताटली हळूच बाजूला सारली.

"नको गं. खात राहिले, तर त्याला यायला आणखी उशीर होईल."