डावीकडची खुर्ची

१९७४ साली आम्ही चंदीगडला, सेक्टर बावीसमध्ये राहायचो. हिवाळ्यात दर रविवारी शेजारचे बेदीसाहेब गच्चीवरच्या उन्हात पोकर मांडायचे, पैशांऐवजी काड्यापेटीतल्या काड्या लावून. हातात काही नसलं तरी बोली वाढवायची त्यांना भारी हौस. त्यांच्या डावीकडे बसणाऱ्याला त्यांची बोली ऐकून, त्यांच्यानंतर बोलायला मिळायचं, म्हणून तिथली वेताची खुर्ची आमच्या ह्यांनी कायमची धरलेली. मी उजवीकडे बसायचे, त्यांच्याआधी बोलायचे आणि हरायचे. त्या डिसेंबरात ह्यांची नागपूरला बदली झाली. माझी शाळेतली नोकरी नुकती कुठे पक्की झाली होती. पण मी राजीनामा द्यायचा, हे ह्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं होतं. शेवटच्या रविवारी मी आधीच वर जाऊन त्या खुर्चीत बसले. हे आले आणि थबकले. "अगं, ही माझी जागा." "आज माझी," मी म्हणाले. बेदीसाहेबांनी काड्यांचा मोठा ढीग पुढे सरकवला. मी त्यांचा चेहरा निवांत पाहिला आणि दोन गुलामांवर तेवढ्याच काड्या लावल्या. त्यांच्या हातात काहीच नव्हतं. "भाभीजी, आप तो छुपी रुस्तम निकलीं!" म्हणत ते हसत सुटले. हे मात्र हसले नाहीत. जिना उतरताना म्हणाले, "नोकरीचं तुझं काय म्हणणं आहे?" आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहिले. लग्नाच्या अकरा वर्षांत असं पहिल्यांदाच घडत होतं. "मला इथं राहायचंय," मी म्हणाले. हे एकटेच नागपूरला गेले. दोन वर्षं दर आठवड्याला पत्र यायचं. पहिल्याच पत्रात विचारलं होतं, वरणासाठी कुकरच्या शिट्ट्या किती घ्यायच्या?