डावीकडचं

तुळजाबाईंनी आज ताट स्वतः वाढायला घेतलं. सुनेला चुलीपाशी फिरकूसुद्धा दिलं नाही. डाव्या हाताला मीठ, लिंबाची फोड आणि मिरचीचा ठेचा. उजव्या हाताला वालाची उसळ आणि कालवणाची वाटी. मधे तांदळाची गरम भाकरी. ताट मुलापुढे ठेवून त्या समोरच बसल्या. पिकअपची किल्ली त्यांनी पदराच्या गाठीत बांधली होती.

"जेव पोटभर. मग देते किल्ली."

निरंजन खुशीत होता. पौडच्या रस्त्यावर मोटारसायकलवरून पडला, त्याला वर्ष होत आलं होतं. डोक्यावरच्या ऑपरेशनची खूण केसांखाली झाकून गेली होती. चालत होता, बोलत होता, येणाऱ्या-जाणाऱ्याची चेष्टा करत होता. पोरगा ठणठणीत झाला, असं सगळं गाव म्हणत होतं. आज गाडीची एक चक्कर मारून हात बसवायचा आणि उद्यापासून पहिल्यासारखा उरवड्याच्या कारखान्याचा माल न्यायचा, असं त्यानं ठरवून टाकलं होतं.

आडवी आली ती एकटी त्याची बायको, गौतमी. डॉक्टरांनी तिला नीट समजावलं होतं. डोळे धड आहेत, पण डावीकडचं मेंदूच टिपत नाही. आणि आपलं काही निसटतंय हे त्याचं त्यालाही कळणार नाही. तुळजाबाईंना हे काही पटलं नाही. डोळे धड, तर दिसत कसं नाही? सुनेला नवऱ्याला घरात कोंडून ठेवायची चटक लागलीय, एवढंच त्यांना कळलं. त्यात निरंजनची रोजची कुरकुर, जेवणात मीठ नाही, ठेचा नाही. मधे एकदा गौतमीनं सगळंच उजवीकडे वाढून पाहिलं, तेव्हा सासू कडाडली होती. "उलटं ताट पितरांना वाढत्यात. जित्त्या माणसाला न्हाई!" तेव्हापासून गौतमीनं तो नाद सोडला. त्या तोंडाला कोण लागणार?

निरंजननं भाकरी मोडली. कालवणाशी चार घास खाल्ले आणि थांबला.

"आये, ठेचा?"

तुळजाबाईंनी ताटाकडे पाहिलं. ठेचा होता. हिरवागार, त्यांनी आपल्या बोटांनी ठेवलेला.

"हाय की. ताटात बघ."

त्यानं बघितलं. उसळ बघितली, वाटी उचलून तिच्याखालीही बघितलं. मग हसला. "तूबी हिच्यावानी इसरायला लागलीस व्हय?"

"चेष्टा करतोयस का रं?"

"चेष्टा कशाला? ठेचा दे म्हनतोय."

 म्हातारीनं दाराकडे पाहिलं. गौतमी चौकटीला टेकून उभी होती. तिचंच खरं ठरलं होतं, आणि तिला रडू आवरत नव्हतं.

तुळजाबाईंनी हात पुढे केला आणि ताट सावकाश उलट्या बाजूला फिरवलं. डावीकडचं उजवीकडे आलं.

"हां, आता कसं!" निरंजननं ठेच्याला बोट लावलं. "आन् उसळ कुटं नेलीस? खात हुतो की मी."

उसळ त्याच्या डाव्या हाताशीच होती. तुळजाबाईंनी उसळीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"आणते हं," त्या म्हणाल्या. "चुकलंच माजं."

वाढण्यात आपलं चुकलं, असं त्या घरात त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं. आज केलं, आणि तेही चूक नसताना.

जेवण झालं. हात धुऊन निरंजन आईपुढे येऊन उभा राहिला. "दे किल्ली."

तुळजाबाईंनी पदराची गाठ मुठीत धरली.

"न्हाई."

"आता आनि काय झालं? शब्द दिलावतास तू."

"दिलावता. न्हाई देत."

"का? काय झालंय मला? चालतोय, बोलतोय, कामाला जातो म्हनतोय. सांग की, काय झालंय?"

 ज्याला अर्धं ताट नाही, त्याला अर्धा रस्ताही नसणार, हे पोटच्या पोराला कोणत्या तोंडानं सांगायचं? त्या नुसत्या मान हलवत राहिल्या.

"तुमी दोघी एक झालाय माज्यावर," निरंजन ओरडला. तरातरा अंगणात गेला आणि पिकअपचं दार उघडून चालकाच्या जागेवर जाऊन बसला. "किल्ली येईपातूर हितनं हलत न्हाई मी!"

 घरात तुळजाबाईंनी उष्टं ताट उचललं.

"गौतमे, उद्यापासनं तूच वाढत जा. तुला जमंल तसं वाढ. पितरांचं मी बघून घीन."

"व्हय, आत्या."

"जा, त्याच्यापाशी बस जरा. मला न्हाई बघवत."

गौतमी डोळे पुसून अंगणात गेली. गाडीला पलीकडून वळसा घातला, दार हळूच उघडलं आणि त्याच्या शेजारच्या जागेवर चढून बसली. निरंजनचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. रागानं त्याचा श्वास चढला होता. तिनं वाट पाहिली. त्यानं मान वळवली नाही.

थोड्या वेळानं त्याचा राग उतरला. पूर्वी तो माल उतरवून आला की दोघं अशीच गाडीतून भुकूमपर्यंत जाऊन यायची. त्यानं उजवीकडच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि घराकडे बघून चेष्टेनं हाक मारली.

"गौतमे! चल की गं, बस! का एकटाच जाऊ?"

त्याच्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर, गौतमीनं तोंडात पदर धरला. मग तो काढला.

"आले," ती म्हणाली.