मार्चचं उद्दिष्ट

"हे काय लिहून राहिल्या मॅडम?" मुख्याध्यापक देविदास सरांनी मंजुषाच्या हातातला तक्ता ओढून घेतला.

हुशार मुलांनी वर्षभरात काय गाठायचं ते लिहून भिंतीवर लावा, असा जुलै उजाडताच वरून हुकूम आला होता. पाचवीत तांड्यावरची निता सगळ्यांच्या पुढे. गेल्याच आठवड्यात तिची आई नानीबाई दारात येऊन म्हणाली होती, "मॅडम, नवोदयात नंबर लागला तरच पोरगी तिथं ऱ्हाऊन शिकंल. पुढची शाळा लई लांब हाय." म्हणून मंजुषाने नितापुढे लिहिलं होतं : नवोदयच्या परीक्षेची पूर्ण तयारी. अपूर्णांकांची अवघड गणितं. उतारा वाचून स्वतः प्रश्न काढणे.

सरांनी लाल पेनने सगळ्यावर काट मारली. खाली लिहिलं : तीन अंकी बेरीज. वीसपर्यंत पाढे. मराठी वाचन.

"सर, हे तिला तिसरीपासून येतं!"

"म्हणून तर लिहिलं. मार्चात कळमनुरीहून साहेब तपासणीला येतील, तवा बराबर शंभर टक्के पूर्ण. तुमचं नवोदय हुकलं, तर जबाब कोण देणार? तुमी का मी?"

मंजुषाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. धावणाऱ्या पोरीला दावणीला बांधायचं आणि वर त्याला उद्दिष्ट म्हणायचं! हे असलं लिहिताना हात कसा कापत नाही माणसाचा?

"पोहता येणाऱ्या लेकराला घोटाभर पाण्यात उभं करून काय शिकवायचं सर?"

"लहान पोरायला शिकवंल की ती," सर हसले. तक्त्याला डिंक लावून त्यांनी तो स्वतःच भिंतीवर चिकटवला.

पहिल्या बाकावरची निता उठून भिंतीपाशी आली. तिने तक्ता वाचला. "सर, पेन देता का?"

सरांनी कौतुकाने दिलं. तिने सरांच्या एकेका ओळीपुढे बरोबरची खूण केली.

"अगं ए! काहून टिका मारून राहिली? मार्चात मारायच्या हायेत त्या!"

"पन हे समदं झालंय सर," निताने पेन परत केलं. "आता मार्चपर्यंत मी काय करू?"

सर मंजुषाकडे बघू लागले. मंजुषा तक्त्याकडे बघत होती. त्याच्यामागचा डिंक अजून वाळलाही नव्हता.