मालिनीताईंची सही

सुधाकर धारप वारले त्याला नऊ वर्षं झाली, तरी यंदाही उत्कृष्ट अभिनेत्याच्या नामांकनात ते होतेच. चित्रपट कंपनीचं यंत्र त्यांच्या चेहऱ्याने, त्यांच्या आवाजात नवे चित्रपट करत होतं आणि बक्षीस घ्यायला दरवर्षी त्यांच्या पत्नी मालिनीताई येत होत्या.

सोहळ्यात त्यांच्या शेजारी बसलेले अभिनेते जयवंत खोत गेली पाच वर्षं धारपांकडूनच हरत होते.

“वहिनी, पुरे करा आता,” ते थकून म्हणाले. “यंदा कंपनीच्या करारावर सही करू नका. धारपसाहेब सुटतील, मीही सुटेन.”

“कंपनीने घरात त्यांचा आवाज बसवून दिलाय, भावजी. करार संपला की तोही बंद. रोज सकाळी ‘मालू, गोळी घेतलीस का?’ म्हणून विचारतात. तेवढ्यासाठी सही करते.”



नाव धारपांचंच पुकारलं गेलं. मालिनीताईंचे गुडघे साथ देईनात, म्हणून खोतांनीच त्यांना हात धरून मंचावर नेलं. पडद्यावर धारपांनी सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी हसून विचारलं, “मालू, गोळी घेतलीस का?”

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला.

मालिनीताईंनी पडद्याकडे पाठ फिरवली.

“चला, भावजी,” त्या म्हणाल्या. “सुटलात तुम्ही.”